तिसरी वडी

संध्याकाळी साडेपाचला रात्रीचं जेवण उरकणारी माणसं मला दोनच प्रकारची माहीत आहेत. एक, आमच्या शेजारचं जैन कुटुंब. दुसरे, लंडनच्या वेस्ट एंडला नाटकाला निघालेले लोक. त्यातलं जैन कुटुंब निदान सूर्याच्या हिशेबाने चालतं, आणि जूनमध्ये लंडनचा सूर्य रात्री सव्वानऊपर्यंत हलत नसल्यामुळे उन्हाळ्यात त्यांना भरपूर सवलत मिळते. नाटकवाल्यांना ती नाही. बहुतेक नाटकांचा पडदा सात-साडेसातला वर जातो, म्हणून साडेपाचला टेबल घ्यायचं आणि पावणेसातला सोडायचं. बुकिंगच्या ईमेलमध्येच हे ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं.

सासूबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या मेथी निवडत होत्या.

"म्हणजे दुपारचं जेवायचं नाही?"

"दुपारचं हलकं जेवायचं, आई."

"आणि नाटक सुटल्यावर?"

"घरी यायचं."

"उपाशी?"

"उपाशी कसं? साडेपाचला जेवलेलो असू ना."

त्यांनी मेथीची एक काडी खिडकीच्या उजेडात धरून बघितली. "पाच तास होतात," एवढंच म्हणाल्या.

नाटक आणि जेवण यांचं गणित त्यांना मी शिकवावं यातच थोडी गंमत आहे. सासूबाई ठाण्याच्या. बँकेत छत्तीस वर्षं नोकरी, आणि त्यातली बावीस वर्षं बँकेच्या नाट्यशाखेत प्रॉम्प्टर, म्हणजे नट अडला की विंगेतून हळूच शब्द देणारी. अभिनेत्री वगैरे नाही. एकदा ऐन वेळी कुणी तरी आजारी पडल्यामुळे हातात चहाचा ट्रे घेऊन त्यांना स्टेजवर जावं लागलं होतं, पण तो प्रवेश त्या धरत नाहीत. त्यांची जागा विंगेत, एका स्टुलावर, मांडीवर संहिता आणि हातात निळा जिलेटीन कागद गुंडाळलेली बॅटरी. साहित्य संघ, रवींद्र, शिवाजी मंदिर, गडकरी या सगळ्या थिएटरांत त्या असंख्य वेळा गेल्या, पण निम्म्या वेळा त्यांनी नाटक बाजूनेच पाहिलं. "मला बऱ्याच नटांचा एकच कान ओळखीचा आहे," असं त्या म्हणतात.

प्रॉम्प्टिंगच्या दिवशी त्या काही खात नसत. भरल्या पोटी ढेकर येतो आणि विंगेतला ढेकर पहिल्या रांगेत ऐकू जातो, हे कारण. खडीसाखरेचा खडा आणि कोमट पाणी, बस्स. मध्यंतरात मात्र बटाटेवडा हवाच. शिवाजी मंदिरच्या वड्यासाठी लोक दुसरा अंक चुकवायला तयार असत, असं त्या शपथेवर सांगतात. आणि खरं जेवण प्रयोगानंतर, रात्री साडेबारा-एकला, ज्या स्टेशनाबाहेर जे उघडं असेल तिथे. आधीच्या पिढ्यांचं आणखी निराळं होतं. संगीत नाटकं रात्री जेवणं आटोपल्यावर सुरू व्हायची आणि पहाटेपर्यंत चालायची. तेव्हाचे प्रेक्षक पोटभर जेवून येत आणि सरळ सकाळच्या चहाला घरी जात. साडेपाचला जेवून दहाला भुकेलं सुटायचं, ही व्यवस्था मात्र आपल्याकडे कुणाला सुचली नाही.

तिकिटं तीन होती. नवऱ्याचं ऐन दिवशी ऑफिसात अडकलं (दर वेळी नाटकाच्याच दिवशी कसं अडकतं, हा स्वतंत्र लेखाचा विषय), तेव्हा त्याचं तिकीट परत केलं आणि आम्ही दोघीच रेनर्स लेनहून पिकॅडिली लाइनने निघालो.

हॉटेल मी निवडलं होतं, आणि त्यामागे जुना हिशेब होता. सासूबाई पहिल्यांदा इथे आल्या तेव्हा, लग्नानंतर वर्षभरात, आम्ही त्यांना हौसेने एका करी हाउसमध्ये नेलं. लाल मखमली भिंतकागद, पितळी बाल्ट्या, आणि मेन्यूवर एकाच रश्श्याची तिखटाच्या चढत्या क्रमाने सहा नावं. त्यांनी तीन घास खाल्ले आणि विचारलं, "हे कुठलं जेवण?" मी म्हटलं, "इंडियन." त्या म्हणाल्या, "हो, पण कुठलं?"

प्रश्न रास्त होता आणि त्याचं उत्तर जेवणात नव्हतं, इतिहासात होतं. लंडनमध्ये हिंदुस्थानी खानावळ काढणारा पहिला माणूस पाटण्याचा, कंपनीच्या फौजेतून आलेला दीन महंमद. १८१० मध्ये त्याने पोर्टमन स्क्वेअरजवळ 'हिंदुस्तानी कॉफी हाउस' काढलं आणि १८१२ मध्ये त्याचं दिवाळं निघालं. रीजंट स्ट्रीटवरचं 'वीरास्वामी' १९२६ मध्ये निघालं. पण पुढे ब्रिटनभर जी हजारो करी हाउसं उभी राहिली ती बहुतेक सिल्हेटच्या, म्हणजे आजच्या बांगलादेशातल्या, माणसांनी चालवलेली. इंग्रजाला जे झेपेल आणि आवडेल ते त्यांनी शिजवलं, आणि त्यावर संसार उभे केले. त्यांना नावं ठेवण्याची माझी हिंमत नाही. पण 'कुठलं' या प्रश्नाला तिथे जागा नव्हती. ती गेल्या दहा-पंधरा वर्षांत झाली. सोहो-कॉव्हेंट गार्डनमध्ये नव्या पद्धतीची हॉटेलं निघाली, त्यांच्या मेन्यूवर कोकम आलं, गोडा मसाला आला, मंगळुरी बन आले. म्हणून मला सासूबाईंना एकदा तिथे न्यायचं होतं. अठरा वर्षांपूर्वीचं उत्तर द्यायला, असं म्हणा.

साडेपाचला सूर्य डोक्यावरून जेमतेम कलला होता आणि आत दिवे मंद करून रात्र केलेली होती. स्वयंपाकघर उघडं, म्हणजे ओट्यासमोर उंच स्टुलं आणि पलीकडे तव्यातून उठणाऱ्या ज्वाळा. सासूबाईंनी आत शिरताच थिएटरात बघतात तसं वर, मग डावीकडे, मग उजवीकडे बघितलं. आम्हाला भिंतीलगतचं टेबल मिळालं. टेबल म्हणजे आपल्या पाटाएवढं. शेजारच्या टेबलावरच्या बाईंचा ग्लास चुकून आपण उचलू, इतक्या अंतरावर त्या बसलेल्या.

वेटर एक कोवळा मुलगा होता. वीस-एकवीसचा, लालसर केस, कानात बाळी. आल्या आल्या त्याने विचारलं, तुम्ही आमच्याकडे आधी आला आहात का? नाही म्हटल्यावर तो म्हणाला, मग मी थोडं कन्सेप्ट समजावून सांगतो.

जेवणाला कन्सेप्ट असतं हे आता मला इतकं सरावाचं झालंय की त्यात काही वावगं वाटत नाही. सासूबाई मात्र नीट हात जुळवून, लक्ष देऊन ऐकत होत्या. कन्सेप्ट असं: प्लेटा लहान, सगळ्या वाटून खायच्या. नाटकाआधीच्या ठरावीक मेन्यूत दोघींत मिळून पाच प्लेटा, एक पाव आणि एक भात. आणि स्वयंपाकघरात जे जसं तयार होईल तसं ते टेबलावर येईल.

तो गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे क्रम नाही."

"क्रम नाही."

"पाठ आहे त्याचं. पण नवीन आहे. वाटून खायच्या म्हणताना श्वास चुकला."

आपल्या जेवणाला क्रम आहे, आणि तो मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा नाटकासारखा दिसला. तो दाखवला अर्थात त्यांनीच, पाण्याच्या ग्लासांची मांडामांड करत. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाज्या उजवीकडे, म्हणजे नेपथ्य आधी लागलेलं. मग पहिला भात, वरण, वर तूप. हा पहिला अंक, इथे कुणी ओरडत नाही. मग पोळ्या, भाज्या, गोडधोड आणि मधला मसालेभात, इथे सगळा गोंधळ आणि आग्रह. आणि शेवटी मागचा भात ताकाबरोबर, सगळं निववणारा. "तू कधी मसालेभाताने सुरुवात केलेलं लग्न बघितलंयस?" त्यांनी विचारलं.

आमच्या टेबलावर पहिल्यांदा भातच आला. तोही मधला.

जिरं, काजू आणि तळलेला कांदा घातलेला तो भात एका निळ्या वाटीत एकटाच येऊन बसला आणि दहा मिनिटं तसाच निवत राहिला, कारण त्याच्याबरोबर खायला काहीच नव्हतं. मग खाडीकाठी उगवणाऱ्या सॅम्फायर नावाच्या खारट वनस्पतीची भजी आली. दिसायला हिरवी काटकुळी, तोंडात टाकल्यावर समुद्र. सासूबाईंना ती फार आवडली. "ओव्याच्या पानांची भजी आणि सुकट, दोन्ही एकदम," त्या म्हणाल्या. मी हे वाक्य मेन्यूवर छापायला देईन. त्यानंतर भोपळ्याचं काही तरी. ते चांगलं असावं. मला आठवत नाही, कारण त्याच वेळी कोथिंबीर वडी आली.

काळ्या दगडी प्लेटवर तीन वड्या. डोमिनोच्या सोंगट्यांएवढ्या, कडा धारदार कापलेल्या, प्रत्येकीवर ठेच्याचा एक हिरवा ठिपका. सासूबाईंनी एक उचलली, आडवी धरून तिची कड बघितली, मग चावली. मी निकालाची वाट बघत राहिले.

"वाफवलीय नीट. आत मोकळी आहे. तीळ आत घालायचे ते वर टाकलेत." थोडं थांबून, "पण छान आहे गं. खरंच छान आहे."

मी सुटकेचा श्वास टाकला. त्या म्हणाल्या, "कोथिंबीर स्वस्त झाली की करायचा पदार्थ हा. बाजारात दहाला दोन जुड्या मिळाल्या की संध्याकाळी वड्या. इथे काय भाव आहे?"

मी विषय बदलला.

राहिली एक वडी. दोन माणसांत तीन वड्या का देतात, यावर माझा एक तर्क आहे: शेफ लोकांच्या डोळ्यांना विषम आकडा देखणा वाटतो. आपल्याकडे ताटात तीन पोळ्या वाढत नाहीत, वाढायच्याच झाल्या तर एकीचा तुकडा मोडून वाढतात. इथे तीन हीच शोभा. मग ती तिसरी वस्तू टेबलाच्या मध्यावर पडून राहते आणि दोन माणसं तिच्याकडे न बघण्याचं काम करत बसतात. मी म्हटलं, "आई, तुम्ही घ्या." त्या म्हणाल्या, "तू घे, तुला आवडते." मी म्हटलं, अर्धी-अर्धी करू. त्या म्हणाल्या, "राहू दे गं, बघू." आणि तेवढ्यात मासा आला.

आता तो प्रसंग, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले.

या हॉटेलात प्लेट नुसती ठेवत नाहीत. ठेवताना ती काय आहे ते म्हणून दाखवावं लागतं. हेक नावाच्या माशाचा तुकडा, केळीच्या पानावर, भोवती गुलाबी रस्सा. मुलाने प्लेट ठेवली, हात मागे घेतला, आणि सुरुवात केली. हा हेक आहे, केळीच्या पानात भाजलेला, आणि याच्यासोबतचा सॉस आहे...

आणि तो थांबला. मी वर बघितलं. त्याची नजर माझ्या डोक्यावरून भिंतीवर गेली होती, जिथे अर्थातच काही लिहिलेलं नव्हतं. मानेवरून लाली वर चढायला लागली.

सासूबाई म्हणतात की पॉज दोन प्रकारचे. घेतलेला आणि आलेला. घेतलेल्या पॉजमध्ये तोंड उघडलं तर नट जन्मभर माफ करत नाही. आलेल्या पॉजमध्ये उशीर केला तरी माफ करत नाही. ओळखायचं कशावरून? घेतलेल्या पॉजमध्ये नट श्वास घेतो आणि आलेल्या पॉजमध्ये श्वास थांबतो. त्यांच्या संहितेत घेतलेल्या पॉजांवर पेन्सिलीने 'पॉ' असं लिहिलेलं असे. बाकी सगळे आलेले. आणि शब्द द्यायचा तो पहिलाच, तोही सगळा द्यायची गरज नसते. पूर्ण वाक्य दिलं की नट ते ऐकत बसतो आणि आणखी गोंधळतो. आवाज पुटपुटता नाही, घशातलाही नाही. हळू, पण दातांच्या पुढे काढलेला. नटाकडे बघायचं नाही. बघितलं की त्याला कळतं की आपण अडकलो, आणि मग तो खरंच अडकतो.

सासूबाई केळीच्या पानाकडे बघत होत्या. मान वर न करता, ओठ जेमतेम हलवून त्या म्हणाल्या, "को—"

"कोकम!" मुलगा म्हणाला. "कोकम अँड कोकोनट."

एवढंच. तो हसला नाही, त्याने आभार मानले नाहीत, आपल्याला कुणी काही सांगितलं हेच त्याच्या ध्यानात आलं नसावं. आपल्यालाच आठवलं असं समजून तो खुशीत निघून गेला. सासूबाईंनी माशाचा तुकडा मोडला. मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं का? नव्हतं. पान उलटल्यासारखं काही तरी होतं. पुढची ओळ.

माझ्या स्वयंपाकघरात त्या अठरा वर्षं हेच करत आल्या आहेत. मी आमटी उकळत असते, त्या मागून पाणी प्यायला जातात आणि जाता जाता म्हणतात, "आमसू—". मी पाहुण्यांशी बोलत असते, त्या ट्रे उचलता उचलता म्हणतात, "चहा—". पूर्ण वाक्य कधीच नाही, बघणं तर नाहीच. सुरुवातीच्या वर्षांत माझा संताप व्हायचा. एकदा नवऱ्याला म्हटलंही होतं की तुझ्या आईला सांग, मला माझे संवाद पाठ आहेत. तो त्या मुलाइतकाच निरागस चेहरा करून म्हणाला होता, "ती काय बोलली?" त्याला कधी ऐकूच आलेलं नव्हतं. चांगल्या प्रॉम्प्टरचं लक्षण म्हणे तेच, की नटाखेरीज कुणाला ऐकू जात नाही. (सगळेच शब्द काही मदतीचे नव्हते. काही चक्क टोमणे होते. पण त्या दिवशी हेकच्या रश्श्यात पाव बुडवताना मी काही टोमण्यांची फेरतपासणी सुरू केली, हे कबूल करते.)

मग घंटा व्हायला लागल्या. नाटकाच्या तीन असतात तशा इथेही तीन. सव्वासहाला पहिली: सगळं ठीक आहे ना? साडेसहाला दुसरी: गोड काही? गोडात श्रीखंड होतं, मुलाने 'श्रीकंद' म्हटलं आणि म्हणण्याआधी क्षणभर सासूबाईंकडे बघितलं. म्हणजे कळलं होतं तर! त्यांनी पापणी हलवली नाही. श्रीखंडावर रूबार्बच्या आंबट फोडी होत्या. आणि सहा चाळीसला, न मागता, तिसरी घंटा, छोट्या पितळी डबीत घडी घातलेलं बिल. दोन मेन्यू, एक लिंबूसरबत, एक चहा, साडेबारा टक्के सर्व्हिस चार्ज, एकूण ६८ पौंड ६३ पेन्स. सासूबाईंचं मनातलं गणित बँकेतलं आहे, ते अजून कुणाला हरत नाही. "सात हजारांच्या वर," त्या म्हणाल्या. "गडकरीत पहिल्या रांगेची चौदा-पंधरा तिकिटं." पण पर्समधून पाच पौंडांची नोट काढून ती त्या मुलाच्या हातात वेगळी ठेवली, आणि त्याला म्हणाल्या, "गुड. लाउडर."

तोवर टेबलावरच्या प्लेटा गेलेल्या होत्या. इथे प्लेट रिकामी झाली की उचलतात, टेबल पाटाएवढं असल्यामुळे इलाज नसतो. तिसरी वडीही गेली, मी मनात हळहळले.

बाहेर लख्ख ऊन. अंधारातून एकदम उन्हात आल्यावर मॅटिनी सुटल्यासारखं वाटलं. थिएटर चालत पाच-सात मिनिटांवर. वाटेत मी त्यांना सांगितलं की इथेही पूर्वी नाटकानंतरच जेवत. सॅव्हॉय थिएटर १८८१ मध्ये बांधलं गेलं. संपूर्ण विजेच्या दिव्यांनी उजळलेली ती जगातली पहिली सार्वजनिक इमारत. त्याच्या मालकाने, डॉयली कार्टने, ऑपेरांच्या कमाईतून शेजारी १८८९ मध्ये सॅव्हॉय हॉटेल उभं केलं. नाटक सुटलं की मंडळी तिथे सपरला. नाटकवाल्याने नाटकाच्या पैशांतून हॉटेल बांधलं, हे ऐकून सासूबाई रस्त्यात थांबल्या. आपल्याकडच्या निर्मात्यांचे पैसे कुठे गेले ते त्यांना माहीत आहे.

"मग हे बिघडलं कधी?"

मी म्हटलं, शेवटच्या गाडीने बिघडवलं असणार. सॅव्हॉयला जाणाऱ्यांच्या दारात बग्गी उभी असे. आम्हाला रेनर्स लेन गाठायचं असतं.

नाटक कुठलं ते सांगत नाही. १९५२ पासून चालू आहे, खुनाचं आहे, आणि खुनी कोण ते बाहेर सांगू नका असं शेवटी प्रेक्षकांना बजावतात, एवढ्यावरून जाणकारांनी ओळखावं. १९७४ पासून ते सेंट मार्टिन्स थिएटरात आहे. गल्ली तीच, जिथे १९१७ पासून 'द आयव्ही' आहे, नटनट्यांचं जेवायचं ठिकाण. दालनात एक लाकडी फळा, त्यावर आजच्या प्रयोगाचा क्रमांक. तीस हजारांच्या पुढचा तो आकडा बघून सासूबाईंनी हात जोडले, अगदी देवळात जोडतात तसे. मग म्हणाल्या, "इथे नट बदलत गेले असतील ना? दामल्यांनी एकट्याने साडेबारा हजारांच्या वर केलेत." प्रशांत दामल्यांच्या साडेबारा हजाराव्या प्रयोगाला, ६ नोव्हेंबर २०२२ ला, त्या षण्मुखानंदमध्ये हजर होत्या. तिकीट अजून कपाटात आहे.

जागेवर बसल्यावर मी त्यांना दोन गोष्टी दाखवल्या. सेटवरच्या शेकोटीच्या कट्ट्यावरचं घड्याळ, पहिल्या प्रयोगापासून उरलेली ती एकमेव वस्तू, बाकी सगळं नेपथ्य बदलून झालंय. आणि दुसरी गोष्ट दिसत नव्हती, नुसतं बोट दाखवलं: नटाच्या डाव्या हाताची, म्हणजे आपल्या उजव्या हाताची विंग. इंग्रजी रंगभूमीवर त्या बाजूला आजही 'प्रॉम्प्ट साइड' म्हणतात, आणि समोरच्या बाजूला 'ऑपॉझिट प्रॉम्प्ट'. तिथल्या कोपऱ्यात एक मेज असतं, त्यावर संहिता, आणि कानाला हेडफोन लावलेली व्यक्ती. प्रकाश, आवाज, पडदे, सगळ्यांना तिथून हुकूम सुटतात.

"आणि शब्द?"

"तो आता क्वचितच द्यावा लागतो म्हणतात. पण कोपऱ्याचं नाव तेच आहे."

सासूबाई पदर सावरून जरा उजवीकडे सरकून बसल्या. पहिला अंक संपेपर्यंत त्यांची मान अधूनमधून त्या बाजूला वळत होती.

मध्यंतर झालं. लोखंडी पडदा सावकाश खाली आला. आपल्याकडे या क्षणी जो धावण्याचा आवाज होतो तो इथे नाही. इथे लोक शिस्तीत उभे राहतात आणि आइस्क्रीमची लहान डबी घेऊन परत जागेवर येतात. झाकणाच्या आत एक छोटा चमचा असतो. आमच्या शेजारचे आजोबा तो चमचा शोधत होते. मी विचारलं, "आई, आइस्क्रीम आणू?"

"थांब."

त्यांनी पर्स उघडली. रुमाल, गोळ्यांची डबी, आणि त्याखालून हॉटेलचा जाड कागदी नॅपकिन, चौकोनी घडी घातलेला. घडी उलगडली. आत तिसरी वडी. ठेच्याचा ठिपका कागदाला चिकटून राहिला होता, थोडे तीळ गळलेले.

"आई! बाहेरचे पदार्थ आत आणायचे नसतात."

"गडकरीतपण पाटी आहे," त्या म्हणाल्या.

त्यांनी वडी मोडली. तुकडे सारखे झाले नाहीत, मोठा माझ्या हातावर ठेवला. गार झाली होती, तेलाचा वास कागदाला लागला होता, आणि तळलेल्या बेसनाचा तो वास लाल गादीच्या खुर्च्यांमध्ये इतका ओळखीचा वाटला की मी मान वळवून मागे रांग लागलीय का ते बघितलं. शेजारच्या आजोबांना चमचा सापडला होता. ते आइस्क्रीम खाता खाता आमच्या हातांकडे बघत होते.

सासूबाई चावता चावता म्हणाल्या, "त्या खिडकीपाशी उभ्या होत्या ना बाई, त्यांचा एक पॉज झाला. लक्षात आला का?"

आला होता. मला वाटलं होतं, काय सुंदर थांबली.

"घेतलेला की आलेला?" मी विचारलं.

दिवे एकदा मंद होऊन पुन्हा लागले. लोक जागेवर परतायला लागले. सासूबाईंनी शेवटचा घास संपवला, बोटं नॅपकिनला पुसली आणि उजव्या विंगेकडे एकदा बघितलं.

"आलेला," त्या म्हणाल्या. "पण समोरच्याने सावरून घेतलं." आणि नॅपकिनची घडी करून पुन्हा पर्समध्ये ठेवली.